डॉक्टरांना मूळ गाव सांगा

क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खोकला, बेडका आणि छातीचा फोटो येतो. पण क्षयाचे जंतू पोटातही मुक्काम ठोकतात. आतडी, आतड्यांभोवतीच्या गाठी, पोटाचे आतले अस्तर यांपैकी कशालाही क्षय होऊ शकतो. बोलण्यात आपण त्याला ‘आतड्याचा टीबी’ म्हणतो. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या डॉक्टरला हा आजार अनोळखी नाही. वजन उतरलेला, संध्याकाळी अंगात कसर येणारा, ‘जेवलो की पोटात कळ येते आणि गोळा फिरतो’ असे सांगणारा तरुण रुग्ण समोर बसला, की क्षयाची शंका मनात येतेच.

हाच तरुण इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत डॉक्टरसमोर बसला तर काय होते, हा आजचा विषय आहे. हा विषय आता आपल्यापासून लांबचा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावातलीही मुले-मुली शिक्षणाला आणि नोकरीला बाहेर गेली आहेत. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी आया सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. तिकडे कुणाला पोटाचा क्षय निघाला आणि निदानाला उशीर झाला, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एवढी मोठमोठी यंत्रे असून त्यांना साधा टीबी कळला नाही!’

हे वाक्य मला पटत नाही. त्यात तिकडच्या डॉक्टरांवर अन्याय आहे, आणि आपली स्वतःची जबाबदारी झटकणेही आहे.

रिपोर्ट तोच, अर्थ वेगळा

थोडी आकडेवारी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना नव्याने क्षय झाला आणि त्यांतले २६ टक्के भारतातले होते. म्हणजे जगातल्या दर चार क्षयरोग्यांमागे एक आपला. त्याच वर्षी भारतात लाख लोकसंख्येमागे सुमारे १९५ नवे रुग्ण होते. इंग्लंडमध्ये हा आकडा साडेआठच्या आसपास आणि अमेरिकेत जेमतेम तीन होता. त्यातही पोटाचा क्षय हा एकूण क्षयाचा लहानसा हिस्सा. तिकडच्या एखाद्या छोट्या गावातल्या फॅमिली डॉक्टरला वर्षानुवर्षे असा एकही रुग्ण दिसत नाही. जे कधी पाहिलेच नाही ते दहा मिनिटांच्या भेटीत आठवावे कसे?

रात्री शेतात पायाला काही चावले तर आपण आधी सापाचा विचार करतो. तेच इंग्लंडमध्ये कुणाला चावले तर तिथल्या डॉक्टरच्या मनात साप शेवटी येईल. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. निदान म्हणजे नुसते रिपोर्ट वाचणे नव्हे. समोरच्या माणसाला कोणता आजार असण्याचा संभव अधिक, याचा अंदाज डॉक्टर आधी बांधतो आणि मग रिपोर्ट त्या अंदाजाशी ताडून पाहतो.

लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, ती पोटाच्या उजव्या खालच्या बाजूची जागा क्षयाला फार आवडते. दुर्बिणीतून तिथे व्रण दिसले की आपल्याकडचा डॉक्टर आधी क्षय म्हणेल. मँचेस्टरचा डॉक्टर आधी ‘क्रोन्स’ म्हणेल. क्रोन्स हा आतड्याचा जुनाट दाह. तो जंतूंमुळे होणारा संसर्ग नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते असे त्याचे स्वरूप असते. नेमकी हीच जागा त्यालाही आवडते. पोटदुखी, जुलाब, वजन घटणे, रक्त कमी होणे, ताप ही लक्षणेही दोघांत सारखी.

हा गोंधळ आजचा नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. पुढे १९१३ साली ग्लासगोच्या डॅल्झिएल या सर्जनने आणि १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर या तिघांनी क्षयासारखाच दिसणारा पण क्षय नसलेला आतड्याचा विकार वर्णन केला. तिघांच्या त्या प्रसिद्ध लेखात अवघे १४ रुग्ण होते. तोवर अशी आतडी पाहून अनेक डॉक्टर क्षयच म्हणत असत. त्या काळी तिकडेही पोटाचा क्षय भरपूर होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्यूनोंदींत लहान मुलांच्या पोटाच्या क्षयाला स्वतंत्र नाव होते. रोगट गाईंचे कच्चे दूध हे त्याचे एक मोठे कारण. पुढे दूध पाश्चराइझ होऊ लागले, गुरांच्या तपासण्या झाल्या, राहणीमान सुधारले आणि औषधे आली. आजार हटला, आणि त्याच्याबरोबर डॉक्टरांच्या डोळ्यांची सवयही गेली. एका अर्थी हा त्यांच्या यशाचाच परिणाम आहे.

जंतूला व्हिसा लागत नाही

मग चूक होते कुठे? रुग्ण इंग्लंडमध्ये बसलेला असतो, पण त्याच्या शरीराचा इतिहास इंग्लंडचा नसतो. बालपणी कधीतरी शिरलेला क्षयाचा जंतू वर्षानुवर्षे झोपून राहतो आणि मधुमेह, कुपोषण, दुसरा मोठा आजार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे औषध अशी संधी मिळाली की जागा होतो. परदेशी जाऊन पाच-सहा किंवा त्याहून अधिक वर्षे झाल्यावर क्षय उमटलेले कितीतरी रुग्ण असतात. इंग्लंडमधल्या क्षयरोग्यांपैकी दर पाचांतले सुमारे चार जण परदेशात जन्मलेले असतात आणि त्यांत भारतात जन्मलेल्यांचा गट सर्वांत मोठा आहे. शिवाय तिथल्या एकूण क्षयरुग्णांत जवळजवळ निम्म्यांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा असतो.

तेव्हा आपल्या माणसाच्या बाबतीत हिशेब धरायचा तो जन्मगावाचा. आज राहत असलेल्या शहराचा नव्हे. ‘तुम्ही मूळचे कुठले? कधी आलात? मधे गावी कधी जाऊन आलात? घरात कुणाला क्षय होता का?’ हे चार प्रश्न कोणत्याही स्कॅनइतकेच मोलाचे आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही.

इथे अनेकांचा एक गैरसमज असतो. ‘व्हिसाच्या वेळी टीबीची तपासणी झाली होती, सर्टिफिकेट आहे.’ भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनला जाणाऱ्यांना ही तपासणी करावी लागते हे खरे. पण ती मुख्यतः छातीच्या फोटोची असते. ती त्या दिवशी फुप्फुसाचा क्षय नाही एवढेच सांगते. पोटाचा क्षय असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचा छातीचा फोटो स्वच्छ असतो. शिवाय गोव्यातले जे लोक पोर्तुगीज पासपोर्टवर २०२० अखेरपर्यंत स्विंडनसारख्या गावांत जाऊन स्थिरावले, त्यांना त्या वेळी व्हिसाच लागत नव्हता. मग व्हिसाची तपासणी कुठली?

तपासण्यांची मर्यादा

‘मग सरळ टीबीची टेस्ट करावी ना,’ असे कुणी म्हणेल. दुर्दैवाने पोटाच्या क्षयाला एका फटक्यात हो किंवा नाही सांगणारी तपासणी नाही. हातावर सुई टोचून करायची मांटू चाचणी किंवा रक्ताची नवी चाचणी शरीरात जंतू कधीतरी शिरला होता एवढेच सांगते. आजची पोटदुखी त्याचीच आहे असे सांगत नाही. उलट क्षय असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. पोटातल्या पाण्यात रंग लावून जंतू क्वचितच दिसतात, कारण त्यांची संख्याच कमी असते. कल्चरला कित्येक आठवडे लागतात. आपल्याकडे आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होणारी सीबीनॅट तपासणी बेडक्यात उत्तम काम करते, पण आतड्याच्या तुकड्यात किंवा पोटातल्या पाण्यात तिला अनेकदा जंतू सापडत नाही. ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही.

दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. पेशींच्या गाठीच्या मध्यभागी चक्क्यासारखा मऊ, कुजका भाग दिसला तर क्षयाकडे कल जातो. पण प्रत्येक तुकड्यात तो मिळेलच असे नाही. म्हणून तुकडे बरेच घ्यावे लागतात आणि त्यांतले काही न विसरता क्षयाच्या कल्चरला पाठवावे लागतात. जिथे क्षयाचा विचारच मनात आलेला नाही, तिथे सगळे तुकडे फॉर्मालीनच्या बाटलीत जातात. फॉर्मालीनमध्ये जंतू मरतो, मग त्याचे कल्चर होत नाही. एक प्रश्न विचारायचा राहिला, तर महागडी तपासणीही अशी निम्मी वाया जाते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. समजा, लेकीकडे अमेरिकेत गेलेल्या आईचे पोट फुगू लागले. सोनोग्राफीत पाणी आणि जाड झालेले अस्तर दिसले. रक्तातला सीए-१२५ हा घटक वाढलेला निघाला. तिथला डॉक्टर बीजकोषाचा कॅन्सर म्हणणार आणि घरावर आभाळ कोसळणार. हाच घटक पोटाच्या अस्तराच्या क्षयातही भरपूर वाढतो. पोटातल्या पाण्यातले एडीए तपासले आणि दुर्बिणीने अस्तराचा तुकडा घेतला, तर मोठे ऑपरेशन टळू शकते. कॅन्सरही असू शकतो, तो नाकारायचा नाही. पण दोन्ही शक्यता टेबलावर असायला हव्यात.

उलटे औषध

एवढा आटापिटा कशासाठी, तर क्षय आणि क्रोन्स यांची औषधे परस्परांच्या उलट आहेत. क्रोन्सला स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. क्षयाच्या रुग्णाला तीच एकटी दिली तर घराचा पहारेकरीच झोपवल्यासारखे होते. फसवणूक अशी की सुरुवातीला रुग्णाला बरे वाटते, कारण सूज उतरते, ताप उतरतो, भूक लागते. सगळे खूश होतात. काही आठवड्यांनी ताप परततो, रोग शरीरभर पसरतो, कधी आतड्याला भोक पडते. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरात आल्यावर २००१ साली अमेरिकेतून एक अहवाल प्रसिद्ध झाला. हे औषध घेतल्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची त्यात नोंद होती आणि त्यांतल्या ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा होता. तेव्हापासून अशी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयासाठी तपासणी करण्याची पद्धत पडली. साध्या स्टेरॉइडच्या बाबतीत मात्र तेवढी दक्षता नेहमी घेतली जात नाही.

माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका कुटुंबाचा मुलगा इंग्लंडमध्ये इंजिनिअर आहे. चार महिने पोटदुखी, सात किलो वजन कमी, दुर्बिणीत व्रण. क्रोन्सचे निदान झाले होते आणि स्टेरॉइड सुरू होणार होते. वडील मोबाइलवर रिपोर्ट घेऊन आले. मी पोटाचा तज्ज्ञ नाही आणि इथे बसून तिथले निदान बदलणे हे माझे काम नव्हते. पण त्या घराचा इतिहास मला ठाऊक होता. मुलगा सहावी-सातवीत असताना त्याचे आजोबा त्याच खोलीत झोपत, आणि आजोबांना फुप्फुसाचा क्षय होता. ‘हे त्यांना सांगितलंत का?’ असे मी विचारले. वडील गप्प झाले. मग म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, त्यालाच कुठं माहीत आहे? त्या वेळी ताईचं लग्न जुळत होतं. आम्ही सगळ्यांना दमा म्हणूनच सांगितलं.’

मी एका कागदावर आजोबांच्या आजाराचे वर्ष, उपचाराचे महिने आणि मुलाचा सहवास एवढेच इंग्रजीत लिहून दिले. तिथल्या तज्ज्ञाने ते मनावर घेतले, हे त्याचे मोठेपण. स्टेरॉइड थांबवून त्याने पुन्हा दुर्बीण टाकली, तुकडे कल्चरला पाठवले. काही आठवड्यांनी त्यात क्षयाचे जंतू वाढले. सहा महिने औषधे झाली, वजन परत आले. यंत्र तिथलेच, डॉक्टर तिथलाच. आपल्या घरात दडवलेली एक गोष्ट तेवढी तिथे पोहोचायची राहिली होती.

दुसरी बाजू

हे वाचून ‘परदेशातला प्रत्येक क्रोन्स म्हणजे टीबीच’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. क्रोन्स आता आपल्याकडेही वाढतो आहे आणि तिकडेच जन्मलेल्या भारतीय वंशाच्या मुलांतही तो दिसतो. आपल्याकडची खोड नेमकी उलटी आहे. आतड्याची जरा सूज दिसली की पुराव्याची वाट न पाहता क्षयाच्या गोळ्या सुरू करायच्या. या गोळ्या यकृताला त्रास देऊ शकतात आणि खरा क्रोन्स त्या काळात आतून वाढत राहतो. वर्षानुवर्षे चाललेला आजार, गुदद्वाराजवळ भगंदर, संडासवाटे वारंवार रक्त, आतड्यात मधे मधे निरोगी भाग सोडून लांबट व्रण असे चित्र असेल तर क्रोन्सचा विचार आधी करावा. थोड्या महिन्यांचा आजार, ताप, रात्रीचा घाम, पोटात पाणी, स्कॅनमध्ये मधोमध कुजलेल्या गाठी असे असेल तर क्षयाचा. सगळे तपासूनही नक्की ठरत नसेल, तर तज्ज्ञ दोन-तीन महिने क्षयाची औषधे देऊन पुन्हा दुर्बिणीने व्रण भरले की नाही ते पाहतात. नुसते ‘बरे वाटते’ यावर विसंबत नाहीत. व्रण भरले तर कोर्स पूर्ण करायचा. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या पोटाच्या क्षयाला सहा महिने पुरतात, असे आपल्या देशातल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे.

आपण काय करावे?

परदेशी जाणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काही गोष्टी कराव्यात.

घरात कुणाला क्षय झाला असेल तर तो मुलांना स्पष्ट सांगा. आजार कोणता, साल कोणते, औषधे किती महिने घेतली, कोर्स पुरा केला की अर्धवट सोडला. शक्य असेल तर जुना कागद जपून ठेवा. क्षय बरा होतो. लपवल्याने तो पुढच्या पिढीला महागात पडतो.

तिकडे डॉक्टरकडे गेल्यावर विचारण्याची वाट पाहू नका. ‘माझा जन्म भारतात झाला, इतकी वर्षे तिथे राहिलो, घरात क्षय होता’ हे पहिल्याच भेटीत सांगा. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्यापूर्वी ‘क्षय नाही याची खात्री केली आहे का?’ असे नम्रपणे विचारा. यात डॉक्टरचा अपमान नाही. स्टेरॉइड आधीच चालू असेल तर मात्र ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका. तेही धोक्याचे आहे.

बॅगेतल्या गोळ्यांच्या पट्ट्यांबद्दल खरे सांगा. ऑफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी औषधे जुलाबासाठी म्हणून आपण नेतो आणि पोट बिघडले की दोन-चार दिवस घेतो. ही औषधे क्षयाच्या जंतूलाही अर्धवट दाबतात. त्यामुळे थोडे बरे वाटते, तपासणीत जंतू सापडत नाही आणि निदान लांबते.

खर्चाच्या किंवा लाजेच्या भीतीने गप्प बसू नका. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत क्षयाचे निदान व उपचार परदेशी माणसालाही मोफत आहेत. आणि ज्याचा क्षय फक्त पोटात आहे, फुप्फुसात नाही, त्याच्या खोकल्या-शिंकण्यातून तो दुसऱ्याला होत नाही. अमेरिकेत उपचार फार महाग आहेत आणि आखातात क्षयाबाबतचे नियम कडक आहेत. तिथे जाणाऱ्यांनी बारीक ताप, घटते वजन, जुनी पोटदुखी या तक्रारी निघण्यापूर्वीच इथे तपासून घ्याव्यात.

आणि शेवटी माझ्या गावोगावच्या डॉक्टर बंधू-भगिनींना विनंती. आपला रुग्ण परदेशी निघाला की त्याच्या आणि त्याच्या घराच्या आजारांचा अर्ध्या पानाचा कागद लिहून द्या. एखाद्या कुटुंबाच्या तीन पिढ्या ओळखणारा डॉक्टर तिकडे त्याला मिळणार नाही. आपल्याला जे माहीत आहे ते त्या कागदावर त्याच्याबरोबर जाऊ द्या. त्याला पंधरा मिनिटे लागतात.